शेपट्या लावलेले कायटोसान: व्हेसिकल्सच्या द्रावणापासून रक्ताच्या जेलपर्यंत

या प्रकरणातली मूळ नोंद छोटी आहे. एका बाटलीत सर्फॅक्टंटच्या, म्हणजे साबणासारख्या रेणूंच्या, व्हेसिकल्सचे (सूक्ष्म पोकळ गोळ्यांचे) द्रावण, पाण्याइतके पातळ, किंचित निळसर झाक असलेले. दुसऱ्या बाटलीत कायटोसान या पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीच्या रेणूचे, सौम्य ॲसेटिक आम्लातले द्रावण. थोडे दाट, पण सहज ओतता येणारे. साधे कायटोसान व्हेसिकल्समध्ये मिसळले तर मिश्रण वाहतच राहते. मात्र त्याच कायटोसानच्या साखळीवर दर शंभर घटकांमागे दोन-चार ठिकाणी बारा कार्बनची तेलकट शेपटी जोडलेली असेल, तर मिश्रणाचे जेल होते आणि बाटली उलटी धरली तरी ते जागचे हलत नाही.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात, कॉलेज पार्क येथे, श्रीनिवास राघवन यांच्या गटाने हे निरीक्षण २००५ मध्ये ‘लँगम्युअर’ या नियतकालिकात मांडले. राघवन मूळचे आयआयटी मद्रासचे रासायनिक अभियंते. शोधनिबंधाचे पहिले लेखक जे-हो ली, आणि सहलेखकांत कायटोसानवर दीर्घकाळ काम केलेले ग्रेगरी पेन. पॉलिमर आणि व्हेसिकल्सच्या जेलवर त्याआधीही काम झाले होते. तरी अभ्यासासाठी मी हेच प्रकरण निवडले, कारण इथे जेल का झाले याचे उत्तर मुख्यतः जेल कुठे झाले नाही यातून मिळते. सहा वर्षांनी हाच तर्क याच गटाला माणसाच्या रक्तापर्यंत घेऊन गेला.

साहित्य

व्हेसिकल म्हणजे द्विस्तराची पोकळ गोळी: आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये काही नॅनोमीटर जाडीचे तेलकट पटल. पेशीच्या पटलाची रचना मूलतः हीच. साबण किंवा डिटर्जंटचे एक-शेपटी रेणू एकटे असताना पाण्यात असे पटल सहसा बांधत नाहीत. त्यांचे मायसेल्स, म्हणजे पोकळी नसलेले भरीव पुंजके, होतात. कारण भूमितीत आहे. डोके रुंद आणि शेपटी बारीक असा शंकूसारखा रेणू गोल वळणातच नीट बसतो. जेकब इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी १९७६ मध्ये हे एका गुणोत्तरात बसवले: शेपटीचे घनफळ भागिले (डोक्याचे क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी). हा आकडा एक-तृतीयांशाच्या खाली असेल तर गोल मायसेल्स, तिथपासून अर्ध्यापर्यंत दंडगोल, अर्धा ते एक असेल तर व्हेसिकल्स.

१९८९ मध्ये एरिक केलर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की धनभारित आणि ऋणभारित अशी दोन एक-शेपटी सर्फॅक्टंट्स योग्य प्रमाणात मिसळली की व्हेसिकल्स आपोआप तयार होतात. विरुद्ध भारांची डोकी एकमेकांना खेटतात, दोघांना मिळून लागणारी जागा आक्रसते, आणि जोडी पेशीच्या पटलातल्या लिपिड रेणूसारखी, एका डोक्याला दोन शेपट्या असल्यासारखी वागू लागते. अल्ट्रासाउंड लावा, गाळणीतून दाबून काढा असले काही करावे लागत नाही. राघवन यांनी पीएचडीनंतरचे संशोधन डेलावेअर विद्यापीठात केलर यांच्याकडेच केले होते, त्यामुळे ही प्रणाली त्यांच्या हातातली होती.

यातले धन सर्फॅक्टंट म्हणजे सेटाइल ट्रायमेथिल अमोनियम टोसिलेट. केसांच्या कंडिशनरमध्ये किंवा सेट्रिमाइड या जंतुनाशकात जे असते त्याचा भाऊबंद. ऋण सर्फॅक्टंट म्हणजे सोडिअम डोडेसिल बेंझीन सल्फोनेट. कपडे धुण्याच्या पावडरीचा छोटा कारखाना चालवणाऱ्याला ते लगेच ओळखू येईल; बाजारात ‘ॲसिड स्लरी’ म्हणून जे मिळते ते सोड्याने उदासीन केले की हेच बनते. प्रयोगात धन सर्फॅक्टंटचे प्रमाण जास्त ठेवले होते, म्हणजे व्हेसिकल्सवर एकूण भार धन. पुढच्या सगळ्या तर्कासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

कायटोसान येते कायटिनमधून आणि कायटिन येते कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून. आपल्या किनाऱ्यावर कोळंबी सोलल्यानंतर टरफलांचे ढीग उरतात, त्यांना असे मोल येऊ शकते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कायटिन-कायटोसानवर बरेच काम केले आहे. कायटिन तीव्र अल्कलीत उकळले की त्यावरचे ॲसिटिल गट निघतात आणि अमाइन गट मोकळे होतात. सामू साधारण साडेसहाच्या खाली गेला की हे अमाइन प्रोटॉन घेऊन धनभारित होतात आणि कायटोसान विरघळते. म्हणजे पॉलिमरही धन.

शेपटी लावण्याची रीत सरळ आहे. बारा कार्बनचा अल्डिहाइड काही अमाइन गटांशी जोडायचा आणि तो बंध क्षपणाने पक्का करायचा. लांब दोरीला अंतराअंतरावर गळ बांधावेत तशी ही साखळी दिसते. गळ किती बांधायचे याला मर्यादा आहे. शेपट्या फार झाल्या की त्या एकमेकींतच गुंततात आणि पॉलिमर पाण्यात विरघळेनासा होतो. फार कमी झाल्या की दोन व्हेसिकल्स जोडायला पुरत नाहीत. शेकडा दोन-अडीच ते पाच ही कामाची पट्टी.

तीन शक्यता

मिश्रण घट्ट झाले, एवढ्यावरून कारण कळत नाही. पॉलिमर आणि कलिलाच्या (द्रवात विखुरलेल्या सूक्ष्म कणांच्या) मिश्रणात घट्टपणा येण्याच्या निदान तीन वाटा संभवतात.

पहिली, विरुद्ध भारांचे आकर्षण. ऋण व्हेसिकल्समध्ये धन पॉलिमर टाकला की दोघे एकमेकांना ओढतात. पण बहुतेक वेळा ही ओढ इतकी बेफाम असते की जेल न होता साका बसतो, आणि वर पाणी मोकळे राहते. मेरीलँडच्या प्रयोगात व्हेसिकल्स आणि पॉलिमर दोन्ही धन होते. भारामुळे ते एकमेकांना दूरच लोटणार. तरीही जेल झाले, म्हणजे ही वाट बंद.

दुसरी, साखळ्यांचा गुंता. लांब साखळ्या एकमेकींत अडकल्या की द्रावण दाट होते, हे कुठल्याही डिंकाच्या पाण्यात दिसते. पण बिनशेपटीच्या कायटोसानच्या साखळ्याही तितक्याच लांब होत्या आणि त्यांनी व्हेसिकल्सबरोबर जेल केले नाही. गुंत्याने थोडा दाटपणा आला असेल, जेल नाही.

उरली तिसरी: शेपटी व्हेसिकलच्या द्विस्तरात शिरते, त्याच साखळीची दुसरी शेपटी शेजारच्या व्हेसिकलमध्ये शिरते, आणि साखळ्या व व्हेसिकल्स मिळून बाटलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळे विणतात.

गटाने इथे आणखी एक पडताळणी केली, आणि माझ्या मते पूर्ण कामातली ती सर्वांत विचारपूर्वक केलेली चाचणी आहे. शेपट्यांचा पॉलिमर त्यांनी व्हेसिकल्सऐवजी कृमीसारख्या लांब मायसेल्समध्ये मिसळला. हे मायसेल्स म्हणजे सर्फॅक्टंटचेच, पण लांबलचक लवचीक दंड. त्यांचे द्रावण मुळातच दाट असते. शेपट्यांना शिरायला तेलकट गाभा इथेही आहे. नुसते ‘शेपटी तेलात शिरते’ एवढेच पुरेसे असते तर इथेही जेल व्हायला हवे होते. द्रावण आणखी दाट झाले, पण जेलसारखे वागले नाही. म्हणजे जेल होण्यासाठी पॉलिमरवर शेपट्या हव्यात आणि द्रावणात व्हेसिकल्सही हव्यात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

जेल म्हणायचे कशाला

बाटली उलटी करणे ही प्रयोगशाळेतली पहिली, झटपट चाचणी, पण ती फसवू शकते. पुरेसा दाट द्रवही उलट्या बाटलीत बराच वेळ टिकून राहतो. खरी कसोटी ऱ्हिओमीटरवर लागते. नमुना दोन तबकड्यांमध्ये ठेवून त्याला हलक्या हाताने पुढे-मागे पिळायचे, वारंवारिता बदलत न्यायची, आणि दोन आकडे नोंदवायचे. साठवण मापांक सांगतो की नमुना स्प्रिंगसारखी किती ऊर्जा धरून ठेवतो; ऱ्हास मापांक सांगतो की द्रवासारखी किती ऊर्जा घालवतो. दाट द्रवात हे आकडे वारंवारितेबरोबर बदलतात: वेगाने पिळले तर तो घन भासतो, सावकाश पिळले तर वाहतो. जेलमध्ये साठवण मापांक वरचढ असतो आणि दोन्ही मापांक वारंवारितेनुसार जवळपास बदलत नाहीत.

शेपट्यांच्या कायटोसानने व्हेसिकल्सच्या द्रावणाला नेमके इथे आणले. आधी न्यूटनीय द्रव, म्हणजे कितीही जोराने ढवळा, श्यानता तीच. पॉलिमर मिसळल्यावर वारंवारितेवर न अवलंबणारे मापांक असलेला स्थितिस्थापक घन. कृमी-मायसेल्सचा नमुना याच चाचणीत वेगळा पडला. तिथे बाटलीवर विसंबून राहिले असते तर ‘तोही घट्टच झाला’ अशी नोंद झाली असती.

दुसरा प्रश्न: आत व्हेसिकल्स शिल्लक आहेत ना? शेपट्यांचे पॉलिमर कधी कधी डिटर्जंटसारखे वागून पटल फोडतात. हे तपासायला लहान कोनातील न्यूट्रॉन प्रकीर्णन वापरले. साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतले की हायड्रोजनने भरलेल्या शेपट्या न्यूट्रॉनला उठून दिसतात, आणि प्रकीर्णनाच्या वक्रावरून पोकळ गोळी, भरीव गोळी आणि दंड हे वेगळे ओळखता येतात. कॉलेज पार्कपासून जवळच, गेथर्सबर्ग येथे, राष्ट्रीय मानक संस्थेची न्यूट्रॉन सुविधा आहे. अशा कामाला लागणारे यंत्र इतके शेजारी असणे ही चैनच म्हणायची. निष्कर्ष असा की जेलमध्ये व्हेसिकल्स टिकून होती.

थोडे गणित

जाळे खरोखर जुळते का, हे कागदावर तपासून पाहण्यात मजा आहे. पुढचे आकडे माझ्या गृहीतकांवरचे आहेत, मोजमापे नव्हेत.

व्हेसिकलचा व्यास १२० नॅनोमीटर आणि पटलाची जाडी ३ नॅनोमीटर धरू. सर्फॅक्टंट १ टक्का आणि ते सगळे पटलातच आहे असे मानले, तर एका घन मायक्रोमीटरमध्ये सुमारे ७४ व्हेसिकल्स बसतात. त्यांच्या केंद्रांमधले सरासरी अंतर येते २४० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत साधारण १२० नॅनोमीटरची दरी. आता साखळी. कायटोसानचा रेणुभार २ लाख धरला तर साखळीत सुमारे १२०० साखरघटक होतात, ताणून लांबी ६०० नॅनोमीटर. पाण्यात साखळी ताणलेली नसते, वेटोळ्यात असते. त्या वेटोळ्याचा पसारा साधारण १०० नॅनोमीटर. दरी आणि वेटोळे एकाच मापाचे निघतात. थोडी ताणली तर एक साखळी दोन व्हेसिकल्समध्ये सहज पूल बांधू शकते. अडीच टक्के दराने तिच्यावर ३० शेपट्या.

पॉलिमर अर्धा टक्का असेल तर त्याच घन मायक्रोमीटरमध्ये साखळ्या सुमारे १५,०००, म्हणजे दर व्हेसिकलमागे दोनशे. समजा जेलचा मापांक फक्त १० पास्कल आहे. रबराच्या सोप्या सिद्धांतानुसार मापांक म्हणजे एकक घनफळातले ताण पेलणारे दुवे गुणिले औष्णिक ऊर्जा. त्यावरून दुव्यांची संख्या येते २,४०० च्या आसपास, दर व्हेसिकलमागे तीसेक. दोनशे साखळ्यांपैकी बऱ्याच एकाच व्हेसिकलवर सर्व शेपट्या रोवून बसल्या, काही अधांतरी राहिल्या, तरी तीस दुवे सहज निघतात. एक व्हेसिकल म्हणजे एकाच वेळी डझनावारी दुवे सांभाळणारी गाठ. शोधनिबंधातही व्हेसिकलला बहुदुवी गाठ म्हटले आहे, आणि हिशोब त्याच बाजूला झुकतो.

पण याच हिशोबातून एक कोडे निघते. बारा कार्बनची एकच शेपटी तेलकट गाभ्यात फार काळ टिकत नाही. सोडिअम डोडेसिल सल्फेटच्या मायसेलमधून एक रेणू बाहेर पडायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांच्या पट्टीत मोडतो. असा दुवा सावकाश पिळताना केव्हाच सुटायला हवा, आणि मापांक कमी वारंवारितेला कोसळायला हवा. प्रत्यक्षात तो सपाट राहतो. माझ्या मते उत्तर साखळीवरच्या शेपट्यांच्या संख्येत आहे. एक शेपटी सुटली तरी शेजारच्या चार-पाच त्याच पटलात रोवलेल्या असतात. त्या सगळ्या एकाच वेळी सुटल्या तरच साखळी मोकळी होणार, आणि तोवर पहिली परत जागेवर आलेली असते.

मग कृमी-मायसेलमध्ये हे का चालले नाही? तिथेही शेपट्या तितक्याच असतात. फरक बहुधा गाठीच्या स्वभावात आहे. कृमी-मायसेल सतत तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. साखळीने घट्ट धरले तरी धरलेली वस्तूच दोन तुकडे होऊन निसटते. व्हेसिकलचे बंद पटल त्या मानाने बराच काळ एकसंध राहते.

२००६ ची सुरकुती

वर लिहिलेले ‘व्हेसिकल्स टिकून होती’ हे वाक्य खरे आहे, पण पूर्ण नाही, आणि हे याच गटाने पुढच्या वर्षी ‘फिजिकल रिव्ह्यू ई’मध्ये दाखवले. न्यूट्रॉन प्रकीर्णनाला त्यांनी क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. यात नमुन्याची पातळ फिल्म इतक्या झपाट्याने गोठवतात की पाण्याचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, आणि व्हेसिकल्स आहेत तशी दिसतात.

दिसले ते असे. १२० नॅनोमीटर व्यासाच्या एकपदरी व्हेसिकल्समध्ये थोडासाच पॉलिमर टाकला की त्यांचा आकार सुमारे निम्म्याने घटतो. पॉलिमर वाढवत नेला की काही व्हेसिकल्स दुपदरी होतात, एकात एक, आणि एकपदरी-दुपदरी दोन्ही एकत्र नांदतात. म्हणजे पॉलिमर पटलाला नुसता चिकटून बसत नाही, त्याला नव्याने घडवतो. आकार घटण्यामागे पुन्हा तीच १९७६ ची भूमिती असावी असे मला वाटते. शेपटी बाहेरच्या थरात शिरते आणि तिच्यामागे पाण्यात पसरलेली मोठी साखळी असते. बाहेरच्या थराला जास्त जागा लागू लागते आणि पटल अधिक वाकते.

यामुळे मूळ चित्र बिघडते का? माझ्या हिशोबाने उलटे होते. व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच सर्फॅक्टंटपासून चौपट व्हेसिकल्स बनतात. केंद्रांमधले अंतर १५० नॅनोमीटरवर येते आणि मधली दरी १२० वरून ९० वर. पॉलिमर स्वतःच गाठी वाढवतो आणि जवळ आणतो. मात्र जेलमध्ये औषध भरून व्हेसिकल्सच्या पोटात किती मावेल असा हिशोब मांडणाऱ्याने मूळ आकार गृहीत धरला तर तो फसेल: व्यास निम्मा झाल्यावर एका व्हेसिकलचे घनफळ आठव्या हिश्श्यावर येते, चौपट संख्या धरली तरी एकूण पोट निम्मेच उरते.

पॉलिमर पटलाचे रूप बदलतो हे त्याआधी इतरत्रही दिसले होते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या परंपरेतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये सोडिअम डोडेसिल सल्फेट आणि दोन शेपट्यांच्या धन सर्फॅक्टंटच्या व्हेसिकल्समध्ये सुधारित सेल्युलोज मिसळून पैलूदार व्हेसिकल्स आणि चकत्या नोंदवल्या होत्या. वोल्फगांग मायर आणि सहकाऱ्यांनी तर १९९६ मध्येच दोन्ही टोकांना जलद्वेषी गट असलेल्या पॉलिमरने व्हेसिकल्स आणि पेशी जोडून दाखवल्या होत्या. मेरीलँडच्या कामाचे वेगळेपण साध्या, स्वस्त जैविक साखळीत आणि नेमक्या तुलनांमध्ये आहे.

व्हेसिकलच्या जागी रक्तपेशी

वापराच्या दृष्टीने वरच्या व्हेसिकल्सना फारसे भविष्य नव्हते. धुण्याच्या पावडरीतले सर्फॅक्टंट आणि कंडिशनरचा भाऊबंद जखमेत घालता येत नाहीत. लायपोसोम्सबरोबर, म्हणजे लिपिडाच्या व्हेसिकल्सबरोबर, हाच पॉलिमर वापरून सुईतून देता येणारे, औषध हळूहळू सोडणारे जाळे गटाने २०१२ मध्ये दाखवले. तो एक मार्ग. पण त्याआधी, २०११ मध्ये, मॅथ्यू डाउलिंग आणि राघवन यांनी ‘बायोमटेरिअल्स’मध्ये मोठी उडी मारली होती. द्विस्तराची पोकळ गोळीच हवी असेल तर ती शरीरात तयार आहे. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद असते, प्रयोगातल्या व्हेसिकलच्या साठपट, आणि एका घन मिलिमीटर रक्तात अशा सुमारे पन्नास लाख.

शेपट्यांचे कायटोसान मानवी रक्तात मिसळल्यावर रक्ताचे झटकन स्थितिस्थापक जेल झाले. इथे संशयाला जागा मोठी होती, कारण रक्त स्वतःहूनच साकळते. म्हणून रक्तात आधीच हेपारिन घातलेले होते. हेपारिन शरीरातील अँटिथ्रॉम्बिनला बळ देऊन रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला रोखते, गुठळी धरून ठेवणारे फायब्रिनचे धागे होऊ देत नाही. अशा रक्तात जेल झाले तर त्याचे श्रेय नेहमीच्या गोठण्याला देता येत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांसाठी या पदार्थात रस का घेतला जातो, तेही इथे कळते.

साध्या कायटोसानने रक्ताचे जेल केले नाही. ही तुलना वरवर २००५ सारखीच वाटते, पण तिचे वजन जास्त आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर सायलिक आम्लामुळे ऋण भार असतो. धन कायटोसानला तिच्याकडे ओढ असणारच. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या कायटोसानच्या पट्ट्या या आकर्षणाचाच फायदा घेतात असे मानले जाते. तरी द्रावणरूपातल्या साध्या कायटोसानने जाळे विणले नाही. व्हेसिकल्सच्या प्रयोगात भार एकमेकांना लोटत होते आणि जेल झाले. रक्ताच्या प्रयोगात भार एकमेकांना ओढत होते आणि शेपटीविना जेल झाले नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवल्यावर भाराचा मुख्य भूमिकेवरचा दावा संपतो.

शेवटची पडताळणी उलट्या दिशेने केली. जेल झालेल्या रक्तात अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन घातले. ग्लुकोजच्या सहा घटकांची ही कडी. बाहेरून पाण्याला धार्जिणी, आतली पोकळी जलद्वेषी आणि अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास रुंद, म्हणजे एक सरळ कार्बनसाखळी मावेल एवढीच. शेपट्यांनी पटल सोडून या कड्यांत आसरा घेतला, पेशी सुट्या झाल्या आणि रक्त पुन्हा वाहू लागले. जेल शेपट्यांनीच धरून ठेवले होते याचा इतका थेट पुरावा प्रकीर्णनाच्या वक्रातून मिळाला नसता. शल्यविशारदाच्या दृष्टीने याला वेगळेही मोल आहे: लावलेले जेल नको असेल तेव्हा खरवडून न काढता सोडवता येईल.

उंदरांमधल्या मांडीच्या शिरेच्या जखमेत रक्तस्रावाचा वेळ तुलनेच्या गटापेक्षा ९० टक्क्यांनी घटला, असे त्या शोधनिबंधात नोंदवले आहे. हा आकडा प्राण्यांवरच्या प्राथमिक चाचणीतला आहे, आणि तसाच वाचावा. डाउलिंग यांनी या पदार्थाभोवती रेमेडियम टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी उभी केली, आज ती मेडक्युरा म्हणून ओळखली जाते. २०१५ मध्ये याच पॉलिमरचा फेस समोर आला. छाती-पोटातल्या ज्या रक्तस्रावावर दाब देता येत नाही, पट्टी किंवा आवळपट्टा चालत नाही, तिथे दाबाच्या डब्यातून फवारण्यासाठी तो बनवला होता, आणि डुकरांच्या यकृताच्या जखमेवर तपासला होता. फेस पोकळी भरतो आणि रक्ताशी जिथे भेट होते तिथे शेपट्या पेशींमध्ये शिरतात. बाहेरून दाबाची गरज उरू नये अशी कल्पना.

व्यवहारात अडचणीच्या दोन जागा मला दिसतात. कायटोसान कवचातून येते, त्यामुळे रेणुभार आणि ॲसिटिल गट किती उरले हे खेपेगणिक बदलू शकते, आणि वरच्या गणितात साखळीच्या लांबीवरच पूल अवलंबून आहे. दुसरी जागा शेपट्यांच्या संख्येची. पटलात शिरणारी शेपटी आणि पटल फोडणारा डिटर्जंट यांच्यातले अंतर फार मोठे नाही. २००६ मध्ये व्हेसिकल्स निम्मी झाली, हा त्याचाच इशारा. साखळी मोठी आणि पाण्यात रमणारी असल्यामुळे ती लिपिड उपसून नेत नाही, असे समजायला जागा आहे, पण शेपट्या वाढवताना हे प्रत्येक वेळी तपासावेच लागते.

भाराच्या प्रश्नाचे एक टोक २०१४ मध्ये जुळले. राघवन यांच्याच गटाने रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी आणि इतर काही पेशी घेऊन तोच प्रयोग केला, आणि कायटोसानबरोबर अल्जिनेटलाही शेपट्या लावून पाहिल्या. अल्जिनेट समुद्री शेवाळातून येते आणि ते ऋणभारित असते, पेशींसारखेच. त्याच्याही शेपट्यांनी पेशींचे जेल केले, आणि तेही अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनने सुटले.